दडपशाहीच्या छायेतील क्रीडामहोत्सव आणि प्रेक्षकाचे नैतिक दायित्व : अर्जेंटिना १९७८ – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

कोणतीही मोठी क्रीडास्पर्धा प्रेक्षकांवाचून उभी राहू शकत नाही. तिकीट काढून मैदानात बसणारा प्रेक्षक असो वा हजारो मैल दूर दूरचित्रवाणीसमोर बसलेला, त्याच्या नजरेमुळेच स्पर्धेला प्रतिष्ठा लाभते आणि यजमान राष्ट्राला तिचा राजकीय लाभ मिळतो. ही स्पर्धा स्वतःच्याच नागरिकांचा छळ करणाऱ्या राजवटीने भरविलेली असेल, तर ती पाहणे नैतिकदृष्ट्या कितपत समर्थनीय ठरते, हा प्रश्न विसाव्या शतकात वारंवार उपस्थित झाला आहे. खेळाडूंनी जावे की नाही, सरकारांनी संघ पाठवावेत की नाही, याविषयी बरेच लेखन झाले. प्रेक्षकाच्या जबाबदारीचा विचार मात्र त्या मानाने थोडा झालेला दिसतो.

प्रस्तुत लेखात १९७८ साली अर्जेंटिनात झालेल्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. या स्पर्धेची निवड करण्याचे कारण असे की, येथे छळछावणी आणि अंतिम सामन्याचे मैदान एकाच वस्तीत होते. पुढे लष्करी राजवट कोसळल्यावर चौकशी आयोग व न्यायालय यांच्यासमोर साक्षी नोंदविल्या गेल्या. त्यामुळे खेळ चालू असताना भिंतीपलीकडे काय घडत होते, हे आज तपशिलाने सांगता येते.

पूर्वपीठिका : बर्लिन १९३६

या प्रश्नाची पहिली मोठी चर्चा १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी झाली. जर्मनीतील ज्यूंवरील अन्यायाच्या निषेधार्थ अमेरिकेत बहिष्काराची चळवळ उभी राहिली. परंतु डिसेंबर १९३५ मध्ये तेथील हौशी क्रीडासंघटनेने अल्प मताधिक्याने सहभागाचा निर्णय घेतला. स्पर्धेच्या काळात बर्लिनमधील ज्यूद्वेषी फलक उतरविण्यात आले, शहरातील रोमा कुटुंबांना मार्झान येथील छावणीत हलविण्यात आले आणि त्याच उन्हाळ्यात शहराजवळ झाक्सेनहाउझेन छळछावणीचे बांधकाम सुरू झाले. परदेशी पाहुण्यांना दिसले ते स्वच्छ, शिस्तबद्ध आणि अतिथ्यशील बर्लिन.

भारताचा या स्पर्धेशी असलेला संबंध आपण अभिमानाने सांगतो. १५ ऑगस्ट १९३६ रोजी ध्यानचंद यांच्या संघाने यजमान जर्मनीला ८–१ असे पराभूत केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने याच वेळी बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. हा अभिमान अनाठायी नाही. मात्र ज्या सोहळ्यात ही कामगिरी घडली, तो सोहळा कोणत्या हेतूने उभारला होता, हेही त्यासोबत सांगितले गेले पाहिजे. दूरचित्रवाणीवर थेट दाखविले गेलेले हे पहिले ऑलिम्पिक होय. बर्लिनमधील सार्वजनिक कक्षांत बसून नागरिकांनी ते पाहिले. प्रेक्षकाची नजर हे राज्यसत्तेचे साधन होऊ शकते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

लष्करी राजवट आणि विश्वचषकाचे आयोजन :

अर्जेंटिनाला १९७८ च्या विश्वचषकाचे यजमानपद १९६६ सालीच मिळाले होते. त्यानंतर दहा वर्षांनी, २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता हस्तगत केली. जनरल होर्हे राफाएल विदेला राष्ट्राध्यक्ष झाले. डाव्या विचारांचे कार्यकर्ते, कामगार पुढारी, विद्यार्थी, पत्रकार, वकील आणि त्यांचे निव्वळ परिचितसुद्धा रात्री-अपरात्री घरांतून उचलले जाऊ लागले. त्यांच्या अटकेची नोंद कोठेही होत नसे. नातेवाइकांनी चौकशी केली असता अशी व्यक्ती आमच्याकडे नाही, असे उत्तर मिळे. ‘बेपत्ता’ या साध्या शब्दाला तेथे एक भयंकर अर्थ प्राप्त झाला. १९८४ साली सादर झालेल्या चौकशी आयोगाच्या अहवालात ८,९६० बेपत्ता व्यक्तींची नोंद आहे. मानवी हक्क संघटना ही संख्या ३०,००० मानतात.

सत्तेवर येताच लष्कराने विश्वचषकाला राष्ट्रीय कार्याचे स्वरूप दिले. आयोजनासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख जनरल ओमार अक्तिस यांची ऑगस्ट १९७६ मध्ये हत्या झाली आणि पुढे सर्व सूत्रे नौदलाचे अधिकारी कार्लोस लाकोस्ते यांच्या हाती एकवटली. तीन नवी मैदाने बांधण्यात आली, तीन जुन्या मैदानांचे नूतनीकरण झाले. एकूण खर्च ५० कोटी डॉलरहून अधिक झाला. राजवटीतीलच अर्थखात्याचे एक सचिव हुआन आलेमान यांनी या खर्चावर उघड टीका केली होती. परदेशात देशाची प्रतिमा सुधारण्यासाठी एका अमेरिकी जनसंपर्क कंपनीचीही नेमणूक करण्यात आली.

या खर्चातील एक बाब विशेष लक्ष देण्याजोगी आहे. सामन्यांचे रंगीत प्रक्षेपण परदेशात पोहोचावे म्हणून ब्युनॉस आयर्समध्ये अद्ययावत दूरचित्रवाणी केंद्र उभारण्यात आले. परंतु अर्जेंटिनाच्या सामान्य नागरिकाने घरी हे सामने कृष्णधवल चित्रांतच पाहिले. तेथे रंगीत प्रक्षेपण नियमितपणे सुरू झाले ते १९८० साली. या सोहळ्यात परदेशी प्रेक्षकाच्या नजरेला किती मोल दिले गेले होते, ते यावरून ध्यानात येते.

मैदान आणि छळछावणी :

अंतिम सामना ज्या मैदानावर झाला ते रिव्हर प्लेट क्लबचे मोनुमेंताल मैदान ब्युनॉस आयर्सच्या उत्तर भागात आहे. तेथून मैलभराच्या आत नौदलाची यांत्रिकी प्रशाला होती. तिच्या अधिकारी निवासात राजवटीची सर्वांत कुप्रसिद्ध गुप्त छावणी चालत होती. सुमारे ५,००० स्त्री-पुरुष तेथे आणले गेले आणि त्यांतील बहुतेकांना ठार मारण्यात आले. अनेकांना गुंगीचे औषध देऊन विमानातून जिवंतपणी समुद्रात टाकण्यात आले. गर्भवती स्त्रियांची बाळंतपणे तेथेच झाली. मातांना नंतर मारण्यात आले आणि मुले इतरांना देण्यात आली.

या छावणीतून वाचलेल्यांच्या साक्षींत विश्वचषकाचा उल्लेख वारंवार येतो. मैदानातील प्रेक्षकांचा जल्लोष आत ऐकू येत असे. काही कैद्यांना पहारेकऱ्यांसमवेत दूरचित्रवाणीवर सामने पाहू देण्यात आले आणि अर्जेंटिनाचा गोल झाल्यावर त्यांच्यापैकी काहींना आनंदही झाला. २५ जून १९७८ रोजी अर्जेंटिनाने जादा वेळेत नेदरलँड्सचा ३–१ असा पराभव केला. त्या रात्री ग्रासिएला दालेओ या कैदी स्त्रीला इतर काही कैद्यांसह मोटारीत बसवून शहरातील विजयोत्सव दाखविण्यासाठी नेण्यात आले. मोटारीच्या छतावरील झरोक्यातून उभे राहून तिने रस्ते भरून वाहणारी गर्दी पाहिली. आपण बेपत्ता असल्याचे येथे ओरडून सांगितले तरी कोणी लक्ष देणार नाही, असे तिला त्या क्षणी वाटले. पुढे तिने ही हकीकत जाहीरपणे सांगितली.

या एका प्रसंगात प्रस्तुत प्रश्नाचे मर्म सामावले आहे. गर्दीतील लोक क्रूर नव्हते. त्यांतील अनेकांच्या घरातील वा शेजारातील कोणीतरी नाहीसे झालेले असणे शक्य होते. त्यांचा आनंद खोटा नव्हता. तरीही त्या आनंदामुळे एक जिवंत साक्षीदार सर्वांच्या डोळ्यांदेखत अदृश्य राहिली.

बहिष्कार की उपस्थिती? : युरोपातील वाद

विश्वचषकापूर्वी पश्चिम युरोपात या प्रश्नावर तीव्र वाद झाला. फ्रान्समध्ये १९७७ च्या अखेरीस बहिष्कार समिती स्थापन झाली व देशभर तिच्या स्थानिक शाखा निघाल्या. नेदरलँड्समध्ये फ्रीक द योंग आणि ब्राम फर्म्युलेन या रंगमंचीय कलावंतांनी बहिष्कारासाठी मोठी मोहीम चालविली. मात्र अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने बहिष्काराची मागणी केली नाही. तिच्या पश्चिम जर्मन शाखेची घोषणा ‘फुटबॉल होय, छळ नको’ अशा आशयाची होती. स्पर्धेच्या निमित्ताने जगाचे लक्ष अर्जेंटिनाकडे वळेल, त्याचा उपयोग करून घ्यावा, अशी तिची भूमिका होती.

स्वतः अर्जेंटिनी निर्वासितांतही या प्रश्नावर एकमत नव्हते. काही जण बहिष्काराच्या बाजूने होते, तर अनेकांना तो आपल्याच लोकांच्या आवडत्या खेळाविरुद्धचा पवित्रा वाटत होता. राजवटीशी सशस्त्र लढा देणाऱ्या मोंतोनेरोस संघटनेनेही बहिष्काराला पाठिंबा दिला नाही. परदेशी पत्रकार व प्रेक्षक यावेत आणि त्यांनी येथील वास्तव पाहावे, असे तिचे मत होते. अखेरीस एकाही पात्र संघाने माघार घेतली नाही आणि सोळाही संघ स्पर्धेत खेळले.

या वादाचा विचार करताना उत्तरकाळातील दंतकथांविषयी सावध राहणे अगत्याचे आहे. नेदरलँड्सचा श्रेष्ठ खेळाडू योहान क्रायफ हा लष्करी राजवटीच्या निषेधार्थ अर्जेंटिनाला गेला नाही, असे तीस वर्षे सांगितले जात होते. २००८ साली त्याने स्वतःच स्पष्ट केले की, बार्सिलोना येथे आपल्या घरात झालेल्या अपहरणाच्या प्रयत्नामुळे आपण न जाण्याचा निर्णय घेतला होता. नैतिक वीरपुरुषाची गरज प्रेक्षकांनाच अधिक होती, असे यावरून म्हणता येईल. दुसऱ्या कोणी आपल्या वतीने नकार दिला आहे, या समजुतीने स्वतःच्या जबाबदारीचा प्रश्न सोपा होतो.

प्लाझा द मायो : पाहण्याचा दुसरा मार्ग

३० एप्रिल १९७७ रोजी चौदा स्त्रिया ब्युनॉस आयर्समधील प्लाझा द मायो या चौकात, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर एकत्र आल्या. आपली मुले कोठे आहेत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. जमाव करून उभे राहण्यास पोलिसांनी मनाई केली, म्हणून त्या दोघी-दोघींनी चौकातील स्तंभाभोवती चालू लागल्या. पुढे दर गुरुवारी चालण्याचा प्रघात पडला आणि डोक्यावरील पांढरा रुमाल ही त्यांची खूण झाली. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांच्या अग्रणी असुसेना वियाफ्लोर यांचेच अपहरण झाले. त्यांना याच नौदल प्रशालेत ठेवण्यात आले व नंतर ठार मारण्यात आले. त्यांचे अवशेष २००५ साली ओळखले गेले. अग्रणी नाहीशी झाली तरी उरलेल्या माता चौकात येतच राहिल्या.

विश्वचषकाचे उद्घाटन १ जून १९७८ रोजी झाले. तो गुरुवार होता. मोनुमेंताल मैदानात पांढऱ्या पोशाखातील मुलामुलींच्या कवायती चालल्या होत्या आणि विदेला शांततेविषयी भाषण करीत होते. त्याच दिवशी माता नेहमीप्रमाणे चौकात आल्या. डच दूरचित्रवाणीच्या पत्रकारांनी त्यांचे चित्रण केले. आपली मुले जिवंत आहेत की मेली, थंडीत आहेत की उपाशी, एवढे तरी सांगा, अशी विनवणी त्या करीत होत्या आणि तुम्ही परदेशी लोकच आमची अखेरची आशा आहात, असे कॅमेऱ्यासमोर रडत सांगत होत्या. हे चित्रण युरोपात दाखविले गेले आणि या मातांची ओळख जगाला झाली.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. राजवटीने जगाला बोलाविले होते ते मैदान पाहण्यासाठी. मातांनी त्याच पाहुण्यांना चौक पाहण्याची विनंती केली. त्यांनी कोणाला डोळे मिटून घेण्यास सांगितले नाही. नजर थोडी वळवा, असे सांगितले. अर्थात, विश्वचषकामुळे दडपशाही थांबली, असा निष्कर्ष काढता येणार नाही. स्पर्धेच्या काळातही अपहरणे चालूच होती. तथापि, जी वेदना देशाच्या सीमेत कोंडून ठेवली होती ती बाहेर पडली, हे नाकारता येत नाही.

विजयाचा उपयोग :

राजवटीने या स्पर्धेतून काय मिळविले, याचेही पुरावे उपलब्ध आहेत. स्पर्धा चालू असतानाच अर्जेंटिनातील ‘एल ग्राफिको’ या क्रीडा साप्ताहिकात डच कर्णधार रूड क्रोल याने आपल्या मुलीला लिहिलेले म्हणून एक पत्र छापण्यात आले. येथे सर्वत्र शांतता असून सैनिकांच्या बंदुकांतून फुले निघतात, असा त्याचा आशय होता. क्रोलने असे पत्र लिहिलेच नव्हते, त्याने ते तत्काळ नाकारले. २१ जून रोजी अंतिम फेरी गाठण्यासाठी किमान चार गोलांच्या फरकाने विजय आवश्यक असताना अर्जेंटिनाने पेरूचा ६–० असा पराभव केला. या सामन्याविषयी तेव्हापासून संशय व्यक्त होत आला आहे. तो निःसंशय सिद्ध झालेला नाही. याच सामन्यात चौथा गोल होण्याच्या सुमारास खर्चाचे टीकाकार आलेमान यांच्या घरी बॉम्बस्फोट झाला.

सर्वांत बोलका प्रसंग पुढील वर्षीचा आहे. सप्टेंबर १९७९ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोग चौकशीसाठी अर्जेंटिनात आला. ब्युनॉस आयर्सच्या अव्हेनिदा द मायो या रस्त्यावर तक्रारी नोंदविण्यासाठी बेपत्ता व्यक्तींच्या नातेवाइकांची लांबच लांब रांग लागली होती. त्याच सुमारास जपानमध्ये दिएगो मॅराडोनाचा सहभाग असलेल्या अर्जेंटिनाच्या युवा संघाने विश्वविजेतेपद मिळविले. होसे मारिया मुन्योस या लोकप्रिय आकाशवाणी समालोचकाने श्रोत्यांना त्याच रस्त्यावर जाऊन विजय साजरा करण्याचे आणि आयोगाच्या सदस्यांना अर्जेंटिनाचा खरा चेहरा दाखविण्याचे आवाहन केले. उत्सव करणारी गर्दी रांगेत उभ्या असलेल्या मातापित्यांसमोरून गेली. अशा रीतीने प्रेक्षकांचा आनंद पीडितांच्या साक्षीवर उतारा म्हणून वापरला गेला.

प्रेक्षकाच्या भूमिकेचे विवेचन :

अशा स्पर्धा पाहण्याच्या समर्थनार्थ साधारणतः तीन युक्तिवाद केले जातात. पहिला, खेळ आणि राजकारण वेगळे आहेत. वर पाहिलेल्या घटनांवरून हे वेगळेपण यजमान राजवटीलाच मान्य नव्हते, असे दिसते. राजकीय लाभाची अपेक्षा नसती तर टंचाईच्या काळात एवढा खर्च झाला नसता.

दुसरा युक्तिवाद असा की, आपण एकट्याने न पाहिल्याने काही फरक पडत नाही. एका व्यक्तीपुरते हे खरे आहे. मात्र यजमानाला हवी असते ती कोट्यवधींची एकत्रित नजर आणि ती एकेका नजरेनेच बनते. शिवाय नैतिक कृतीचे मोजमाप केवळ परिणामावर करावयाचे नसते. आपण कोणत्या गोष्टीला साथ देतो, हाही प्रश्न असतो.

तिसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. खेळाचा आनंद जनतेचा असतो, तो राज्यकर्त्यांच्या स्वाधीन का करावा? अर्जेंटिनाचे प्रशिक्षक सेसार लुइस मेनोत्ती हे डाव्या विचारांचे होते. आपला संघ गॅलरीत बसलेल्या सामान्य माणसांसाठी खेळला, राजवटीसाठी नव्हे, अशी त्यांची धारणा होती. छळछावणीतील कैद्यांनाही गोलाचा आनंद झाला, हे ध्यानात घेता त्या आनंदाला दोष देण्याचा अधिकार दूर बसलेल्या टीकाकाराला पोहोचत नाही, हे मान्य करावे लागेल. त्यामुळे दोष आनंदात शोधता येत नाही. आनंद कोणाच्या कामी येतो आणि तो ओसरल्यावर प्रेक्षक काय लक्षात ठेवतो, येथे त्याचा शोध घ्यावा लागतो.

या संदर्भात भारताच्या इतिहासातील एका निर्णयाची आठवण करणे उचित ठरेल. १९७४ साली डेव्हिस चषक टेनिसच्या अंतिम फेरीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. वर्णद्वेषी धोरणाच्या निषेधार्थ भारताने हा सामना खेळण्यास नकार दिला व चषकावर पाणी सोडले. हा बहिष्कार अर्थपूर्ण ठरला, कारण दक्षिण आफ्रिकेतील पीडित जनतेच्या संघटना स्वतःच बहिष्काराची मागणी करीत होत्या. अर्जेंटिनात मातांची मागणी निराळी होती. यावरून एक निकष हाती येतो. पाहावे की पाहू नये, याचा निर्णय आपल्या मनाच्या शुद्धतेसाठी घ्यावयाचा नसून, जे दडपले गेले आहेत त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावयाचा आहे.

या निकषालाही मर्यादा आहेत. पीडितांत एकमत नसते, हे निर्वासितांच्या वादात दिसले. तसेच मातांना निदान एक चौक उपलब्ध होता आणि तेथपर्यंत कॅमेरा पोहोचू शकत होता. जेथे असा चौकच शिल्लक ठेवलेला नाही, पत्रकाराला मैदानाबाहेर पाऊल टाकता येत नाही आणि पीडिताशी बोलणे हाच गुन्हा ठरतो, तेथे नजर वळविण्यास जागाच राहत नाही. अशा ठिकाणी न पाहणे हीच प्रेक्षकाच्या हाती उरलेली भाषा होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. बीजिंग (२००८ व २०२२), सोची (२०१४), रशिया (२०१८) आणि कतार (२०२२) येथील स्पर्धांच्या वेळी तो पुन्हा विचारला गेला. कतारमधील मैदाने उभारणाऱ्या स्थलांतरित मजुरांत भारतीयही होते, त्यामुळे तो आपल्यापासून दूर नाही. पॅरिससह काही फ्रेंच शहरांनी २०२२ मध्ये सार्वजनिक ठिकाणी मोठे पडदे न लावण्याचा निर्णय घेतला. २०३४ च्या विश्वचषकाचे यजमानपद सौदी अरेबियाला देण्याचा निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये झाला असल्याने येत्या काळातही या चर्चेला तोंड द्यावे लागणार आहे.

निष्कर्ष :

१. दडपशाही राजवटीसाठी क्रीडास्पर्धेचे खरे मोल प्रेक्षकाच्या नजरेत असते. त्यामुळे पाहणे ही पूर्णतः तटस्थ कृती मानता येत नाही.

२. खेळाचा आनंद हा स्वतः अपराध नाही. परंतु तो पीडितांच्या साक्षीवर पडदा टाकण्यासाठी वापरला जाऊ शकतो, हे १९७८ व १९७९ च्या घटनांवरून सिद्ध होते.

३. बहिष्कार की उपस्थिती, याचे सर्व काळांसाठी एकच उत्तर देता येत नाही. पीडितांचे म्हणणे हा त्यातील प्रमुख निकष असावा. ते ऐकण्याचा मार्गच बंद असेल तर न पाहण्याकडे कल असावा.

४. यजमानाने दाखविलेल्या चौकटीबाहेर पाहणे आणि स्पर्धा संपल्यावरही ते स्मरणात ठेवणे, हे प्रेक्षकाचे किमान दायित्व होय.

समारोप :

अर्जेंटिनात १९८३ साली लोकशाही परतली. १९८५ च्या खटल्यात विदेला यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. मध्यंतरी माफी मिळूनही अखेर २०१३ साली त्यांचा मृत्यू कारागृहातच झाला. नौदल प्रशालेच्या जागेवर स्मृतिस्थळ उभे राहिले आणि २०२३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. विश्वविजयाच्या तिसाव्या वर्षी, जून २००८ मध्ये, मोनुमेंताल मैदानावरच बेपत्ता व्यक्तींच्या स्मरणार्थ एक सामना आयोजित करण्यात आला. १९७८ च्या विजेत्या संघातील काही खेळाडू त्यास मानवी हक्क संघटनांसमवेत उपस्थित राहिले. मैदान आणि छावणी यांमधील जे अंतर १९७८ च्या उन्मादात कोणी चालून गेले नाही, ते पार करण्यास तीस वर्षे लागली. पुढील प्रत्येक स्पर्धेच्या प्रेक्षकाने हे अंतर आपल्या काळात, खेळ चालू असतानाच पार करण्याचा प्रयत्न करावा, हीच या इतिहासाची शिकवण आहे.